टेलेक्स बंद झालं त्या वर्षी

नागपूर स्टेशनावर माझी आई रडली नाही. आखातातलं युद्ध नुकतंच थांबलं होतं आणि मी लहानग्या प्रज्ञाला कडेवर घेऊन बहरीनला निघाले होते, तरी रडली नाही. मिलमधून अर्धी सुटी काढून आलेले बाबा हमालाशी उगाच वाद घालत होते. गाडी हलली तेव्हा आईनं खिडकीच्या गजांतून माझा हात धरला. "तिकडं कोनाले दबून राहू नको, पोरी. शिकाले भेटलं तर शिकजो."

मी शिकले. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

माझे मिस्टर, सुधाकर, बहरीनच्या राजधानीत, मनामात, एका व्यापारी कंपनीत टेलेक्स ऑपरेटर होते. टेलेक्स म्हणजे काय ते आता पोरांना समजावून सांगावं लागतं. टाइपरायटरसारखं भलंमोठं मशीन, इथं टाइप केलं की दूरदेशीच्या ऑफिसात कागदावर उमटायचं. त्या मशीनला काचेची वेगळी खोली होती, स्वतंत्र एसी होता आणि किल्ली यांच्याकडे असायची. साहेबलोकसुद्धा दार वाजवून आत येत. ज्यांच्या आजोबांना गावच्या चावडीची पायरी चढू देत नव्हते, त्यांना त्या दार वाजवण्याचं किती अप्रूप असेल, ते आपल्या लोकांना मी सांगायला नको.

मनामाच्याच गुदैबिया भागात दोन खोल्यांचा फ्लॅट होता. खाली मल्याळ्याचं किराणा दुकान. शुक्रवारी सुटी. कधी आमच्याकडे, कधी दुसऱ्या कुणाकडे बुद्धवंदना व्हायची, मग सगळे मिळून मटणभात. प्रज्ञा तिथंच बोलायला लागली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची आणि भांडताना 'खलास!' म्हणून पाय आपटायची.

त्या वर्षांत बहरीन डोळ्यांदेखत बदलत होतं. सीफ भागात समुद्रात भर टाकून नवी जमीन केली होती, तिच्यावर टॉवर उठत होते. बँकेमागून बँक येत होती. प्रत्येक बँकेला कॉम्प्युटर हवे होते, केबल टाकणारे हवे होते, शिकवणारे हवे होते. एवढंसं बेट, पण आता अख्ख्या आखाताचं काम इथूनच चालणार, असं जो तो बोलायचा.

हे सगळ्यात आधी यांना कळलं. एके संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासचा फॉर्म घेऊनच घरी आले.

"तू बीएस्सी झालेली आहेस. नुसती भाकऱ्या थापत बसू नको. मशीन बदलून राह्यलं, वंदना."

"अहो, मग तुम्हीच जा ना."

"माझं आहे एक मशीन," ते हसले.

मी क्लासला जायचे तेव्हा हे प्रज्ञाला भरवायचे, वरण फोडणीला टाकायचे. क्लास संपला आणि ऑफिसांत कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली. माझ्या नावाचा व्हिसा झाला. पगार हळूहळू यांच्याएवढा झाला. पेढे वाटले ते यांनीच.

मग एक दिवस मला ई-मेलचं ट्रेनिंग द्यायला पाठवलं, ते यांच्याच कंपनीत.

कॉन्फरन्स रूममध्ये सगळा स्टाफ बसला होता. हे मागच्या रांगेत. घरातून आम्ही एकत्रच निघालो होतो. यांचा शर्ट मी इस्त्री केलेला. पाठवायचं कसं, आलेलं वाचायचं कसं, एकच निरोप दहा जणांना कसा धाडायचा, हे सगळं मी दाखवत गेले. शेवटी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" मागून यांचा हात वर झाला.

"मॅडम, मग टेलेक्सचं काम किती उरतं?"

सगळे हसले. यांनाही हसू आलेलं होतं. मला उत्तर माहीत होतं आणि ते मी दिलं नाही. "दोन्ही चालतील काही दिवस," म्हणाले.

ती काचेची खोली वर्षाच्या आतच मोकळी झाली. तिथं झेरॉक्स मशीन आलं. यांना दुसरीकडे कुठं काम मिळेना, व्हिसा कॅन्सल व्हायची वेळ आली. मी आमच्या कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या बहरीनी गृहस्थाला विचारलं, माझ्या व्हिसावर नवऱ्याला आणि मुलीला ठेवता येईल का? भला माणूस होता. त्यानं मान खाली घातली आणि हिंदीत म्हणाला, "मियाँ के वीजा पे बीबी, ठीक. बीबी के वीजा पे मियाँ? मफी." मफी म्हणजे नाही, तसं काही नसतंच.

मी राजीनामा लिहायला बसले. यांनी पेन काढून घेतलं.

"दोघंही परत गेलो तर करायचं काय? दोन वर्षं काढ. मी पोरीला पाहतो."

"ती लहान आहे हो."

"तू दिवसभर ड्यूटीवर. इथं तिला कोन पाहीन?"

शेजारचा चिपळूणचा शिंदे ड्रायव्हर होता, त्यानं आम्हाला एअरपोर्टवर सोडलं. प्रज्ञाला वाटत होतं, मी मागून येणार. आत जायच्या आधी तिनं विचारलं, "आई, तू नेक्स्ट प्लेननं येशील ना?"

"इंशाल्ला," मी म्हणाले.

बहरीनमध्ये वाढलेली पोर ती. दुकानदार, टीचर, साहेब कुणी इंशाल्ला म्हणालं की काम होत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझी ओढणी धरून ती ओरडली, "इंशाल्ला नको! हो म्हण!"

हे तिला उचलून आत घेऊन गेले. शिंदेनं खिशातून गाडीची किल्ली काढली. मग हळूच म्हणाला, "यल्ला, वहिनी. चला."

दोन वर्षांची तीन झाली. दर शुक्रवारी फोन. आधी प्रज्ञा इंग्रजीत रडायची. मग मराठीत तक्रारी सांगायला लागली. मग 'मले', 'तुले' करत मैत्रिणींचं सांगायला लागली, मग थोडक्यात आटपायला लागली. यांनी नागपुरात इंदोऱ्याला फोन-फॅक्सचा बूथ टाकला. शहरात ई-मेलची सोय झाली तसे यांचे मेल यायला लागले, रोमन लिपीतली मराठी, टेलेक्ससारखी सगळी मोठी अक्षरं, तोडकी वाक्यं. सब ठीक. पोरगी पास. काळजी नको. मी स्क्रीनकडे बघत बसायचे. या माणसानं मला कधी 'परत ये' लिहिलं नाही, 'येऊ नको' असंही लिहिलं नाही.

गेल्या वर्षी लांब सुटी काढून गेले. मनाशी ठरवूनच गेले होते, की थांब म्हणाले तर थांबायचं. घरी सगळं नीट लावलेलं होतं. प्रज्ञाची वेणी हे घालायचे. ती अभ्यासाला त्यांच्या पाठीला पाठ टेकून बसायची. "बाबा, तू माझा पेन घेतला का?" असं बापाशी बोलायची. रात्री तिच्या अंथरुणाशेजारी मी अंथरूण टाकलं, तर ती उठून बसली आणि माझ्यासाठी चांगली चादर शोधायला लागली.

निघायच्या आदल्या दिवशी मी यांना विचारलं, "मी राहू का?"

हे म्हणाले, "तुझं तू ठरव, वंदना. आम्हाले आता सवय झाली." त्यात राग नव्हता. राग असता तर मी राहिले असते.

तुमच्यापैकी जे मागे राहिले आणि जे गेले, दोघांनाही हे सांगते आहे. सीफमध्ये माझं ऑफिस आहे, नव्या पोरांना मी शिकवते. कुणी विचारलं, घर कुठं, तर नागपूरच सांगते. पत्ता तोच आहे. त्या सुटीत, निघायच्या दिवशी, बॅग भरून झाल्यावर प्रज्ञा ट्रेमध्ये कप घेऊन आली, पाहुण्यांसमोर उभं राहतात तशी माझ्यासमोर उभी राहिली आणि आदबीनं म्हणाली, "आई, तुम्ही चहात साखर घेता ना?"