डाव्या खांद्यावरची पाकळी

आयुष्यभर आमच्या गावदेवीची, सोमजाईची पूजा केली, पण पन्नाशीनंतर माझा तिच्यावर विश्वासच उरला नव्हता. उरणार कसा? तिचा कौल मीच फिरवत होतो.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावातल्या पारूचा नवरा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढायला गेला आणि बेपत्ता झाल्याचं पत्र आलं. वीस वर्षांची पोर पदर पसरून उभी राहिली. "माझा धनी जिता हाय का?" डावी पाकळी सरकू लागली. माझ्याने बघवेना. समई सारखी करायच्या निमित्ताने मी ती अंगठ्याने दाबली. थोड्या वेळाने उजवी पडली. पोरगी काय हसली म्हणून सांगू!

मग दर नवरात्रात ती यायची आणि मी डावी आधीच दाबून बसवायचो. बारा वर्षं! माहेरचे तिचा पाट लावून द्यायला तयार होते, तर म्हणाली, "देवी जिता हाय म्हनते ना." ते ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खरं सांगायला तोंडही उघडेना. थकलो होतो मी, अगदी थकलो होतो.

बाराव्या वर्षी पेन्शनर शिपायांनी देवळाच्या अंगणात लढाईत पडलेल्यांचा दगड उभा केला. पाथरवटाने सहा नावं कोरली आणि सातव्याला, पारूच्या नवऱ्याच्या नावाला, हात थांबवला. पारू म्हणाली, "देवीला इचारते. ती सांगल तसं."

आज दाबायची नाही, असं ठरवून मी आंघोळ केली होती. पण ती समोर आली आणि माझा मेला अंगठा गेलाच. नेहमीपेक्षा जोरात दाबली. पारूने डोळे मिटले. उजवी हलली नाही. डावी गळून माझ्या पायाशी पडली.

तिने डोळे उघडले आणि पाकळी बघितली. मग म्हणाली, "काका, आज दाबलीत नाय वाटतं?"

मी ती पाकळी उचलली. "दाबली होती गो. देवीची आण. तुला ठाऊक होतं?"

"पयल्या सालापास्नं. मलाच हवं होतं ते." तिने डोळे पुसले. "पन लय दमले, काका. आज तिला म्हटलं, आता सोडव."

गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिने देवीच्या पायाशी ठेवलं आणि बाहेर जाऊन पाथरवटाला नाव सांगितलं. छिन्नीचा आवाज गाभाऱ्यात येत होता. मी देवीपुढे डोकं टेकून ढसाढसा रडलो.

तेव्हापासून पाकळ्या लावल्या की मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहतो. आई, तुला पाडायची ती पाड.