चांदीचा करदोडा आणि शार्क

आमच्या वडीगोद्रीत मासा म्हंजे धरणाचा, बाजाराच्या दिवशी टोपल्यात पडलेला. मासा माणसाला खातो, ही गोष्ट माझ्या डोस्क्यात शिरायलाच तयार न्हवती. आन माझं पोरगं, नोकरीला ऑस्ट्रेलियात गेलेलं, सुट्टीच्या दिवशी समुद्रात बुडी मारून मासे मारून राह्यलं होतं. भाला सुटतो तसल्या बंदुकीनं. तिथं शार्क हायेत, हे त्यानं मला हसत हसत सांगितलं. मुडद्या, हे काय हसायचं हाय?

"आई, भिऊ नको, त्याचे नियम असतेत," फोनवर तोंड दाखवत म्हणला. एकट्यानं उतरायचं न्हाई. मारलेला मासा कमरंला लटकवायचा न्हाई, रक्ताच्या वासानं शार्क येतो, म्हणून जल्दी नावेत टाकायचा. शार्क आलाच तर पाठ फिरवून पळायचं न्हाई, त्याच्याकडं तोंड ठिवून हळूहळू मागं सरायचं. तो माशाच्या मागं लागला तर मासा देऊन टाकायचा.

मला काय कळंना. कुत्रं अंगावर आलं तर पळू नको, हे आम्हीच शिकवलं होतं त्याला. पण बैल उधळला तर पळ, हे बी आम्हीच. शार्क कुत्र्यावानी का बैलावानी, म्हणून विचारलं, तर "मधलाच हाय," म्हणला. घ्या!

मंग हळूच बोलला, "आई, परवा एक आल्ता."

शार्क सरळ त्याच्या कमरंकडं आल्ता, हातभर अंतरावर आल्यावर वळला आन निघून गेल्ता. कमरंला म्या जाताना बांधलेला चांदीचा करदोडा होता. सोबतचा दोस्त म्हणला, पाण्यात चांदी चमकती, शार्कला ते मासाच वाटतं, काढून टाक.

"काढू का आई?"

आता करदोडा आमच्यात माणूस गेल्यावरच काढतेत. सासऱ्यांचा काढला तव्हा मी दारातच उभी होते. आन जित्या पोराला, तेबी पाण्यात उतरायच्या आधी, काढ म्हणू? शार्क चांदीमुळं आला, कबूल. पण वळून गेला तो कशामुळं? करदोड्यानंच वाचवलं नसंल कशावरून? इकडं आड, तिकडं विहीर. मालकाला विचारलं, तर "काळा दोरा बांध म्हणावं," बोलून ते कपाशीला पाणी द्यायला गेले. आवो, दोरा बांधायला आधी हा काढावा लागंलच की!

"तू जाऊच नको," म्हणले.

"मंग सुट्टीच्या दिवशी इथं दुसरं काय करू, आई?"

शेवटी म्हणले, "काढ."

तो पाण्यात उतरला त्या दिवशी फोन येईस्तोवर माझ्या पोटात घास न्हाई. दुपारी फोन आला. शार्क आलाच न्हवता. पोरगं खूश होऊन भलामोठा मासा दाखवत होतं, आन मी नुसती त्याची कमर पाहून राह्यले होते. जीव वाचला म्हणून रडले का ती रिकामी कमर पाहून, हे मला आजबी बिलकुल सांगता येत न्हाई.

"करदोडा बराबर जपून ठिवलाय," म्हणला. "आल्यावर तूच बांध."

कव्हा येणार, ते त्यानं सांगितलं न्हाई. म्या बी विचारलं न्हाई.