जावयाने केलेली चटणी

जावई स्वयंपाकघरात आले तेव्हा मी भाकरी थापत होते. लेक तापाने आतल्या खोलीत झोपली होती, त्यामुळे आम्हा दोघांत दुभाषी कुणी उरलं नव्हतं. जावई परदेशातले. मराठीतले आई, पाणी, बास, छान एवढेच शब्द त्यांना येत.

त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. दिसायला कोथिंबिरीचीच जुडी. मी कोथिंबीर काढून दिली. त्यांनी वास घेतला, मान हलवली आणि पुन्हा तोच फोटो पुढे केला. आता हिला कोथिंबीर नाही तर काय म्हणायचं? मग मी मोरीमागचा पुदिना खुडून आणला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. कोथिंबीरही घेतली, पण नाइलाजाने.

"साल्सा," ते म्हणाले.

मला 'सालस' ऐकू आलं. जावई सालस आहेत हे खरंच, पण असं स्वतःच्या तोंडाने कुणी सांगतं का?

मी मिक्सर पुढे केला, त्यांनी तो बाजूला सरकवला. सुरी घेऊन पानं बारीक चिरत बसले. लसूण ठेचला, लिंबू पिळलं, मीठ घातलं. वरून शेंगदाण्याचं तेल, कच्चंच. मी फोडणीची पळी दाखवली तर "बास, बास" म्हणाले. जावई कोशिंबीर करताहेत की चटणी, मला समजेना.

तेवढ्यात आमचे हे डेअरीवर दूध घालून आले. दारातच थांबले. "जावयाला कामाला लावलं व्हय?"

"मी न्हाई हो. त्यांचे तेच आले."

जावई वाटीतलं चमच्याने हलवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ह्यात कांदा न्हाई," हे माझ्या कानाशी म्हणाले, "मग डोळ्याला पानी का?"

"मिरची लागली आसंल."

पण मिरचीही नव्हती.

"आई," जावई म्हणाले.

"काय, बाळा?"

त्यांनी मान हलवली. वाटीकडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाले, "आई." मला हाक मारत नव्हते, एवढं कळलं. मी तशीच पिठाच्या हातांनी लेकीला उठवायला गेले.

लेक भिंतीकडे तोंड करून बोलली. "त्याची आई गेली, आई. आम्ही इकडे निघायच्या दोनच दिवस आधी. ही साल्सा, म्हणजे त्यांच्याकडची चटणी, ती करायची."

मी खाटेवर बसले. चारच दिवसांपूर्वी आम्ही संगमनेरला कार्यालय घेऊन यांच्या लग्नाचं गावजेवण घातलं होतं. जावयाला फेटा बांधून घोड्यावर बसवलं होतं, बँड लावला होता. आणि ते सगळ्यांकडे बघून हसत होते.

"अगं, सुतकात? सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही सगळं रद्द केलं असतं. तोच म्हणाला, सांगू नको."

लेकीला रागवावं, की जावयाला जवळ घ्यावं? आणि जवळ घेतलं तर बोलायचं काय, कुठल्या भाषेत? बाहेर आले तर हे भाकरीला ती चटणी लावून खात होते. "लई भारी झालंय गं," म्हणाले. जावई डोळे पुसून "छान?" विचारत होते. मीही खाल्ली. लसणाची चव लागली, बाकी काही कळलं नाही.

आपल्याकडे मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही. सोयरे पिठलं-भाकरी घेऊन जातात, दुःखातल्या माणसाला दोन घास बळेच खायला लावतात. इथे तर त्यानेच आम्हाला करून घातलं होतं. आता उशीर झालेला चालतो की नाही, कुणाला विचारणार? संध्याकाळी मी पिठलं केलं, त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि पहिला घास माझ्या हाताने भरवला.

त्यांनी तो खाल्ला. मग लेकीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणताहेत?"

लेक माझ्याकडे वळली. "विचारतोय, आज कुठला सण आहे?"

मी ताटात अजून थोडं पिठलं वाढलं.