तांब्याभर दूध

एकाहत्तर सालची गोष्ट. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, यकृतात चरबी साठली असावी, असं डॉक्टर म्हणाले. खात्रीसाठी पुण्याला पोटात सुई घालून यकृताचा तुकडा काढावा लागेल. पण आधी रक्त तपासू. दादा दारूच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे, तरी गावात कुजबुज सुरू झाली : म्हातारा चोरून पितोय.

संगमनेरच्या लॅबमधला तो माणूस मी दोनदाच पाहिला. नाव विचारायचं राहूनच गेलं. रक्त घेण्याआधी तो तळहात एकमेकांवर घासून ऊबदार करायचा, मगच दंड धरायचा.

"काही खाल्लं न्हाई ना, बाबा?"

"न्हाई," दादा ठामपणे म्हणाले.

थोड्या वेळानं त्यानं नळी खिडकीपाशी धरली. लाल रक्त खाली बसलं होतं, वरचं पाणी पांढुरकं, गढूळ.

"दूध प्यालात?"

दादा चमकले. "व्हय, तांब्याभर. पन दूध कुठं खान्यात धरत्यात?"

तो रागावला नाही, हसला. "आमच्या घरी बी न्हाई धरत. उद्या नुस्तं पानी पिऊन या. लिव्हर आत असलं तरी त्याची खबर रक्तात येती. सुई घालायच्या आधी ती ऐकू."

दुसऱ्या दिवशी नळीतलं पाणी नितळ होतं. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "यकृताचं काम नीट चाललंय, सुई नको. दूध-तूप कमी करा, रोज चाला."

दादांनी पारावर जाहीर केलं, "तांब्याभर दूध त्यानं काचेत वळखलं, दारू वळखायची सोडली असती व्हय?"

शास्त्राला धरून नव्हतं ते, पण गाव गप्प झालं. आणि दादा दूध खाण्यात धरू लागले.