फुफाजींची ओळ

ताईच्या लग्नाआधी फुफाजी रुसले ते माझ्या एचटीएमएलमुळे, हे आमच्या घरात आता सर्वांनी मान्य केलं आहे. घरच्या जावयाला लग्नात रुसायला कारण लागत नाही, पण या वेळी मी ते तयार करून हातात दिलं होतं.

आमच्या शहापूरहून रोज जवळच्या भंडाऱ्याला जाऊन मी वेबपेज बनवायला शिकत होते. क्लासचे दोनच धडे झाले होते आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. सरांनी समजावलं होतं की वेबपेजवरच्या काही गोष्टी ब्लॉक असतात. त्या आपली अख्खी ओळ धरून बसतात, शेजारी कोणाला फिरकू देत नाहीत. काही इनलाइन असतात. त्या लागेल तेवढीच जागा घेऊन शेजाऱ्याला चिकटून बसतात. मी मान डोलावली. (नंतर सरांनी असंही सांगितलं म्हणे, की कोडमध्ये एंटर कितीही दाबा, ब्राउझर त्याला भीक घालत नाही. तेव्हा मी ताईच्या शालूचे फोटो बघत होते.)

घरी येऊन मी जाहीर केलं, "पत्रिका छापू नका. मी वेबपेज बनवते. लिंक धाडली की झालं."

बाबा म्हणाले, "जवाईबापूचं नाव बरोबर येईन ना? थे रुसले तं माही बहीण बी येनार नाही."

फुफाजी म्हणजे माझ्या एकुलत्या एक आत्याचे यजमान. तुमसरला त्यांची राईस मिल आहे आणि ते स्वतःची ओळख मिलपासून सुरू करतात. आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्या लावते. म्हणजे फुफाजी नाहीत तर आत्या नाही, आणि आत्या नाही तर हळद नाही. एवढं सगळं माझ्या दोन धड्यांवर अवलंबून होतं.

मी प्रत्येक नाव स्पॅन नावाच्या टॅगमध्ये घातलं, त्याला गुलाबी रंग दिला आणि नावापुढे एंटर दाबला. सगळी नावं एकाच ओळीत जाऊन बसली, कारण स्पॅन हा इनलाइन. मला वाटलं, छान, पंगत बसल्यासारखी दिसते आहे. लिंक सगळ्यांना पाठवून दिली.

जेवण होतं न होतं तोच फुफाजींचा फोन आला.

"माही मिल कोनाच्या नावानं केली?"

झालं असं होतं की फुफाजींच्या फोनात अक्षरं मोठी केलेली. 'श्री. गोपीचंदजी' पहिल्या ओळीत मावलं, आणि 'राईस मिलवाले' खाली घसरून माझ्या मामाच्या नावाला चिकटलं. मामाचा भंडाऱ्यात पानठेला आहे. फुफाजींच्या फोनात मात्र स्वच्छ लिहिलं होतं, 'राईस मिलवाले श्री. सुखदेवजी'.

बाबांनी आपला फोन पाहिला. "माह्या फोनात तं बरोबर दिसून राह्यलं, जवाईबापू."

"म्हनजे तुमच्यासाठी एक पत्रिका अन् माह्यासाठी दुसरी?" फुफाजींनी फोन ठेवला.

(मामाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "राहू दे ना. कोनाचं काय बिघडते?")

ताई रडायला लागली. मी घाईघाईनं एकूणएक स्पॅन बदलून डिव केले, कारण डिव हा ब्लॉक. पण वाक्यांमधले रंगीत शब्दही मी स्पॅनमध्येच घातले होते! आता 'शुभविवाह' एका ओळीत, 'सकाळी' दुसऱ्या ओळीत, आणि 'यावे' हा शब्द खाली एकटाच हरवल्यासारखा उभा. तळाशी 'आमच्या ताईच्या लग्नाला या बरं का' म्हणणारा घरातला चार वर्षांचा गोलू, त्यालाही स्वतंत्र ओळ.

या वेळी बाबांना आत्याचा फोन आला. "बाबू, हे म्हनून राह्यले का गोलूले बी माह्याएवढीच ओळ! मंग माहा मान काय राह्यला? मी एकटी कशी येऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी लॅपटॉप घेऊन एसटीनं तुमसरला गेलो.

फुफाजी मिलमध्ये तांदळाच्या पोत्यांपाशी बसले होते. त्यांनी पाणी विचारलं, पण तोंड फिरवून. मी तिथंच लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यासमोर सगळं पुन्हा केलं. फुफाजींचं नाव मिलसकट एका डिवमध्ये, बाकी सगळे इनलाइन, मध्ये स्वल्पविराम.

"आता माह्या बाजूले कोनी येनार नाही?"

"नाही फुफाजी. तुमी ब्लॉक हाय."

"अन् जागा खाली राह्यली तरी?"

"तरी ओळ तुमचीच."

त्यांनी आपल्या फोनात अक्षरं मोठी केली, लहान केली, फोन आडवा केला. ओळ जागची हलली नाही. मग ते पहिल्यांदा बाबांकडे वळले. "पोरगी हुशार हाय तुमची. चहा घ्या." बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की पोत्यावरचा कोंडा उडाला.

आत्यानं हळद लावली. ताई हसत होती आणि मी जरा रडले. मांडवात फुफाजी सोफ्याच्या मधोमध बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवत होते. "आमच्या पोरीनं बनवलं हे." दाखवता दाखवता ते थांबले. "अन् तुहं नाव कोठी हाय?"

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. सगळ्यांच्या ओळी लावता लावता नवरीच्या सख्ख्या बहिणीचं, म्हणजे माझंच नाव घालायचं राहून गेलं होतं.

फुफाजींना वाईट वाटलं. "रडू नोको. माह्या ओळीत जागा खालीच हाय. बस तेथी."

मग मी त्यांना सविस्तर समजावलं, की तुम्ही ब्लॉक, जागा रिकामी दिसली तरी त्या ओळीत दुसरं कोणी येत नाही, आणि हे मी तुमच्याच सांगण्यावरून केलं आहे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येवढी जागा खाली, अन् घरची एक पोरगी बसवता येत नाही. मंग तू शिकली काय?"