पहिली धार कोणाची

मोखाड्याच्या बाजारात मी दारूबंदीची पत्रकं वाटत होतो, आणि माझ्याच पत्रकाचा बोळा दारूच्या बाटलीच्या तोंडात बुचासारखा कोंबलेला मी पाहिला. ती बाटली विकणाऱ्या बाईची आणि माझी ओळख झाली ती अशी.

बाई माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची असेल. पुढ्यात टोपली, टोपलीत वर अंबाडीची भाजी आणि भाजीखाली बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर तांदळाच्या ओल्या पिठात बोटं बुडवून ओढलेल्या तीन रेघा. मी तिथंच भडकलो.

"त्या कागदावर काय छापलंय, ठाऊक आहे का बाई?"

"तूच सांग. तूच वाटतोस नं?"

"दारू हे विष आहे, असं छापलंय."

"मंग बरोबर जागी बसवलाय," ती म्हणाली.

भोवतालचे पुरुष खदखदून हसले. एक जण म्हणाला, "ए लिवणाऱ्या, पुढच्या बारीला जाड कागद आण रं. ह्यो झिरपतो."

मी दारूचा वैरी आहे. तेव्हा होतो, आज आहे, पुढेही राहीन. पण जव्हार संस्थानात त्या काळी जे चाललं होतं ते दारूहूनही वाईट होतं, आणि ते मी लिहिणारच. मोह फुलायचा पाड्याच्या दारात. फुलं वेचायच्या बाया, वाळवायच्या बाया, आंबवायच्या बाया. पण दारू गाळायचा हक्क मात्र एका मक्तेदाराचा. त्याच्या भट्टीवर सगळे पुरुष, दुकानांत पुरुष, पहाऱ्यावर पुरुष. बाईने आपल्या चुलीवर मडकं चढवलं तर तो गुन्हा! कोणाच्या बापाचा मोह होता तो?

तिचा नवरा त्या पहारेकऱ्यांना घाटाच्या वाटेवर सापडला होता. ती गाळायची, तो खांद्यावरून वाहून न्यायचा. त्यांनी त्याला बडवला. घरी आला तो अंथरुणाला खिळला, आणि भात कापणीला यायच्या आत गेला.

"मार त्याला बसला," ती मला म्हणाली, "पण दारू माजी होती."

म्हणून तिला परवाना हवा होता. भाजीखाली न लपवता, उघड्या बाजारात, तिच्या तीन बोटांच्या खुणेची दारू. "मी चोरून विकते तंवर त्यो चोर म्हणून मेला. परवाना आला का त्यो चोर नाय." एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते ऐकून दारूबंदीच्या माणसाने दारूच्या परवान्यासाठी अर्ज लिहायला घेतला. मित्रांनी मला नावं ठेवली. ठेवू द्या.

अर्ज लिहिण्याआधी मी तिची भट्टी पाहायला गेलो. जामसरच्या अंगाला, ओढ्याच्या वर. दगडांच्या चुलीवर आंबवणाचं मडकं, त्यावर दुसरं पालथं, सांध्यांना चिखल, बाजूने बांबूची नळी, आणि नळीखाली पाण्यात बसवलेलं लहान मडकं. नळीतून पहिली धार आली तशी तिने ती पानाच्या द्रोणात धरली, मोहाखालच्या एका सपाट दगडापाशी गेली आणि सगळी ओतली.

"ही का फेकलीत?"

"फेकली नाय. त्याची हाय." आणि दगडाकडे वळून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी ती बोलली. "औंदा फुलं बारीक हायती. गोड मानून घे."

त्या भागात पहिली धार मेलेल्यांची. कोणाला शिकवावी लागत नाही ही गोष्ट. पण मी पाहिलं ते निराळं होतं. दारू दगडावर पडली आणि दिसेनाशी झाली. ओघळली नाही, साचली नाही. तापलेल्या तव्यावर थेंब पडावा तशी गेली, आणि दगड तर सावलीत होता. मी हात लावून पाहिला. गार, कोरडा. तिचं कुत्रं दगडापासून चार हात दूर बसून शेपूट हलवत होतं, आणि ते माझ्याकडे पाहत नव्हतं.

भूतखेत थोतांड आहे. त्यावर माझं एक पत्रक आहे, ज्याला हवं त्याने मागून घ्यावं. पण परतताना पाडा दिसेनासा होईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

जव्हारला कचेरीत अबकारीचे अंमलदार अर्ज वाचून चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले.

"भट्टी बाईच्या नावाने? घरात पुरुष नाही?"

"हाय की," ती म्हणाली. "निस्ता मेलाय."

बाकावर मक्तेदाराचा कारभारी पान खात बसला होता. तो म्हणाला, "रावसाहेब, हिला भट्टी द्या आणि आम्हाला जातं द्या. नाचणी दळत बसतो."

"तुमाला नाय जमायची," ती म्हणाली. "पीठ जाडं काढाल."

कचेरीतले शिपाईसुद्धा हसले. कारभारी हसला नाही. मला वाटतं, तिथंच त्याने मनात धरलं.

पाहणीच्या दिवशी अंमलदार तिच्या भट्टीवर आले, आणि कारभारी सोबत. त्याला तिथं काय काम होतं, ते मी विचारलं. अंमलदारांनी चूल पेटवायला सांगितलं. चूल पेटली, मडक्यात खदखद सुरू झाली, आणि नळीला ओल दिसू लागली तसा कारभारी अंमलदारांच्या कानाला लागला. अंमलदारांनी बाटली पुढे केली. "नमुना पहिल्या धारेचा."

मी मध्ये पडलो. "मक्तेदाराच्या भट्टीवर नमुना पिंपातून घेता. इथंच पहिली धार का?"

"कारण मी म्हणतो."

असा कुठलाही कायदा नव्हता, नियमही नव्हता. त्या एका माणसाची मर्जी होती, आणि ती पढवणारा पान चघळत समोर उभा होता. त्याला पाड्यांची रीत पक्की ठाऊक होती. बाई नकार देईल, परवाना बुडेल, आणि बोट कोणाकडे दाखवता येणार नाही, असा त्याचा हिशेब.

ती नळीकडे पाहत राहिली. मग दगडाकडे. मी म्हणालो, "देऊ नका. मी वर दाद मागतो."

"तुजी दाद पोचंल तंवर मोह परत फुलंल," ती म्हणाली. दगडाकडे तोंड करून तिने हलक्या आवाजात सांगितलं, "आजच्या दिस थांब. तुज्यासाठीच देते." आणि पहिली धार सरकारच्या बाटलीत गेली. बाटलीवर लाखेची मोहर लागली. कुत्रं उठून पाड्याकडे निघून गेलं. तेवढ्यावरून मी काहीही म्हणत नाही. कुत्री उठतात.

परवाना आला, तिच्या नावाने. तिने तो मला दोनदा वाचायला लावला, मग दगडापाशी नेऊन मोठ्याने तिसऱ्यांदा. त्या दिवशीची पहिली धार तिने द्रोण भरून ओतली.

दारू दगडावर साचली. दगडाला मधे थोडा खळगा होता. तो मी याआधी कधी पाहिला नव्हता, कारण त्यात कधी काही राहिलंच नव्हतं. आता त्यात दारू आरशासारखी उभी राहिली आणि वरची पानं तिच्यात दिसू लागली.

"हवेत ओल आहे," मी म्हणालो.

शेजारची म्हातारी कंबरेवर हात ठेवून पाहत होती. ती म्हणाली, "तुजी ओल ठेव तुज्यापाशी. पयलं सरकारनं घेतलं. उष्टं त्यो कशाला घेईल?"

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा दगडावर दारू तशीच असायची, मुंग्या आणि माश्या पडून मेलेल्या. ती दगड पुसायची, नवी ओतायची, बोलायची. आधी बोलताना ती मधे थांबायची, जणू पलीकडून उत्तर ऐकतेय. आता थांबत नव्हती.

एकदा म्हणाली, "तुज्या कागदानं परवाना आला. एक त्याला लिव."

मी जन्मात निषेध लिहिले, मागण्या लिहिल्या. त्या दिवशी मेलेल्या माणसाला विनंतीपत्र लिहिलं. तिने सांगितलं, मी लिहिलं: तू चोर नव्हतास, आता सरकारही तसं म्हणतं, घरी ये. तिने ते दगडावर ठेवलं, वर खडा ठेवला. पुढच्या खेपेला शाई दारूत उतरून कागद कोरा झाला होता.

आणि इकडे तिचा माल तुफान चालला! जव्हारच्या बाजारात लोक "तीन बोटांची" असं नावानं मागू लागले. मक्तेदाराच्या दुकानापुढे कुत्रं उभं राहीना. बाईच्या नावाने भट्टी म्हणून ज्यांनी तिला हसून घेतलं होतं तेच पुरुष ओळीत उभे राहून "बाय, आमाला आधी" म्हणत होते. तिने अंबाडीची भाजी आणणं बंद केलं. हे सगळं मला न्याय वाटायला हवं होतं.

पुढच्या हंगामात मी भट्टीवर गेलो तेव्हा ती चुलीत लाकूड सारत होती. नळीतून धार सुरू झाली. मी सवयीने द्रोण उचलून तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. पहिली धार खालच्या मडक्यात पडू दिली, मक्तेदाराच्या भट्टीवर पडते तशी.

"त्याची नाही का?" मी विचारलं.

"कोन हाय तिथं?" ती म्हणाली, आणि दुसरं लाकूड सारलं.

त्या आठवड्यात बाजारात पहिला घोट घेऊन एका गिऱ्हाइकाने डोळे मिटले, मान हलवली. "बाय, औंदा खरी कडक काढलीस! आजवर कुटं लपवली व्हतीस?"

ती पीठ कालवलेल्या वाटीत बोटं बुडवत होती. पुढच्या बाटलीवर तिने तीन रेघा ओढल्या आणि ती त्याच्या हातात दिली.