आपांची दहा मिनिटं

आमच्या आपा कधी दमलेल्या दिसत नसत, आणि मोठ्या बाईंना तेच खपत नसे. मुलांनो, मी रत्नागिरीत नवी मास्तरीण झाले त्या वर्षी या मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, इन्स्पेक्शन जवळ आलं म्हणून आम्हा मास्तरणींची मधली सुट्टीच बंद केली. अकरा ते पाच वर्ग, आणि सुट्टीच्या वेळात वह्या तपासायच्या.

आपा उर्दू शिकवत. मिरकरवाड्याहून चालत येत. दुपारच्या नमाजाची वेळ झाली की हातातली वही मिटत, रांजणाच्या पाण्याने हात, तोंड, पाय धूत आणि नकाशांच्या खोलीत चटई अंथरत. दहा मिनिटं. "वह्या राहिल्यात," असं कुणी म्हटलं, तर म्हणत, "राहूंदेत. त्या काय पळून जातायत?"

मी मात्र डबा न उघडता वह्या तपासायची. झोप उडाली होती. एकदा गणित चुकलं म्हणून एका मुलीच्या हातावर पट्टी मारली आणि मीच रडायला लागले. आपांनी मला दंडाला धरून नकाशांच्या खोलीत नेलं.

"तुला नमाज पढ म्हणत नाय गो. तुझ्या देवाचं नाव घे, नायतर घेऊ नको. पण बस."

नमाज झाल्यावर त्या बोटांच्या पेरांवर अल्लाचं नाव मोजत राहिल्या. शेजारी मी माझे श्वास मोजले. मग रोजच बसू लागले. पट्टी पुन्हा उचलावी लागली नाही.

एक दिवस मोठ्या बाईंनी आपांपुढे कागद ठेवला. शाळेच्या वेळेत जागा सोडणार नाही, अशी हमी. सही नाही, तर नोकरी नाही.

"करा ना सही," मी गयावया केली. "घरी जाऊन पढा."

"घरी पोचेपर्यंत ती वेळ जाते. दिवसभर मी बाईंचीच, तर अल्लाची कधी गो?"

त्यांनी कागद सही न करताच परत दिला. महिनाअखेर त्यांना काढलं. त्या चिपळूणला भावाकडे निघाल्या, तेव्हा मी शाळेच्या फाटकात रडत उभी. "रडतेस काय? दुपार झाली. जा, बस."

दुसऱ्या दिवशी तोच कागद माझ्या टेबलावर आला. मी तो बाजूला सारला आणि वही मिटली.

"तुम्हाला कसला आलाय नमाज?" मोठ्या बाई कडाडल्या.

"नमाज नाही," मी म्हटलं. "मी नुसती दहा मिनिटं उठते."